घरोघरी एक डबा

कोचबाईंनी डबा काउंटरवर ठेवला, तसा चष्मेवाल्यांनी तो एका बोटाने परत त्यांच्याकडे सरकवला.

"नको. लोकांचं सामान मी सांभाळत नाही. एकदा एकाची छत्री सांभाळली होती. परत न्यायला आला तेव्हा म्हणाला, माझी याच्याहून नवी होती."

"हे सामान नाही." कोचबाईंनी डबा पुन्हा पुढे केला. "हा वाजत नाही, सांडत नाही, खायला मागत नाही."

"मग करतो काय?"

"बसून राहतो. तुमच्यासारखाच."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. भिंतीवर ओळीने लावलेल्या फ्रेमा रिकाम्या डोळ्यांनी हा वाद बघत होत्या. कोचबाईंच्या मागे त्यांची सून उभी होती. तिच्या हातातल्या पिशवीत असेच आणखी काही काळे डबे होते, मधल्या सुट्टीच्या डब्याएवढे, प्रत्येकाला एक वायर आणि एक बारीकसा हिरवा दिवा. तिने समजावून सांगायला तोंड उघडलं, पण सासूबाईंनी मागे न बघताच हात वर करून तिला थांबवलं.

"तू थांब. तू समजावायला लागलीस की माणूस घाबरतो."

कोचबाईंनी गावाच्या तलावावर सगळं आयुष्य लोकांना पोहायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्या तरी शिट्टी गळ्यातून उतरली नव्हती आणि ट्रॅकसूटही अंगावरून उतरला नव्हता. अर्ध्या गल्लीने त्यांच्या धाकापोटी पहिली उडी मारलेली. त्यामुळे त्या काही म्हणाल्या की लोकांचे पाय आपोआप काठाकडे सरकत. चष्मेवाले मात्र त्या उरलेल्या अर्ध्या गल्लीतले होते. त्यांना पोहता येत नव्हतं आणि कोचबाईंचा धाकही वाटत नव्हता.

"असं बघा," कोचबाई म्हणाल्या. "समजा कुणाचा तरी चष्मा आहे. त्याची डावी काच तुमच्याकडे, उजवी माझ्याकडे, एक दांडी तिसऱ्या मजल्यावर, दुसरी पलीकडच्या इमारतीत. नुसती डावी काच बघून तुम्हाला त्या माणसाचं तोंड ओळखता येईल?"

"नंबर ओळखता येईल. तोंड नाही."

"बस्स. लोकांचे फोटो, कागद, गाणी, जे काय असेल त्याचे असे तुकडे करायचे, प्रत्येकाला कुलूप घालायचं आणि घरोघरी एकेक ठेवायचा. मालकाने हाक मारली की तुकडे धावत जातात आणि जोडले जातात."

"आणि माझ्याकडची काच फुटली तर?"

आता सुनेला राहवलं नाही. "तुकडे मुळातच जास्तीचे केलेले असतात, काका. थोडे हरवले तरी उरलेल्यांवरून पूर्ण वस्तू उभी राहते."

चष्मेवाल्यांनी तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं. "चष्म्यांचं असं होत नाही ते बरं आहे. माझं दुकान कधीच बंद पडलं असतं." मग डबा उचलून त्यांनी उलटसुलट केला. "हा बंद पडला तर बघायला कोण येणार?"

"मी," सून म्हणाली.

"मी," त्याच वेळी कोचबाई म्हणाल्या.

चष्मेवाल्यांनी क्षणभर विचार केला आणि काउंटरखालचा खण उघडून डब्याला जागा करून दिली.

* * *

सून आधी गावाबाहेरच्या डेटा सेंटरमध्ये होती. तिथल्या लांबलचक दालनांत सर्व्हरची कपाटं रात्रंदिवस तापत असायची आणि त्यांना थंड ठेवणं हे तिचं काम होतं. ती भर उन्हाळ्यात स्वेटर घालून कामाला जायची, म्हणून सोसायटीतली पोरं तिला 'स्वेटरवाली काकू' म्हणायची. काम चांगलं होतं, माणसंही चांगली होती. पण एका उन्हाळ्यात गावाला एक दिवसाआड पाणी यायला लागलं, आणि तिच्या ऑफिसच्या फाटकातून मात्र कूलिंग टॉवरसाठी टँकर आत जात राहिले. घरी सासूबाई पोहण्याचा तलाव बंद झाला म्हणून चिडचिड करत होत्या. तलाव गेला कुठे, ते सुनेला ठाऊक होतं. तो तिच्या डोळ्यांदेखत टॉवरमधून वाफ होऊन आभाळात चालला होता.

तिने एक दिवस जेवताना विषय काढला होता.

"आई, लोकांच्या घरात किती यंत्रं नुसती चालू असतात! राउटर, जुने लॅपटॉप. त्यांच्या डिस्क अर्ध्या रिकाम्या. ती जागा एकमेकांना जोडली तर एवढं मोठं थंडगार गोदाम बांधायलाच नको. एकेका घरात एवढीशी ऊब. तिला ना पंखा लागेल, ना पाणी."

"मग जोड की," सासूबाई म्हणाल्या होत्या.

"नोकरी सोडावी लागेल."

"पाण्यात उतरायचं तर टॉवेल काढून ठेवावाच लागतो."

नवरा गणिताचा मास्तर. त्याने पानावरचं संपवून शांतपणे हिशेब केला, घर आपल्या पगारात चालेल असं सांगितलं आणि भांडी घासायला उठला. त्या घरात मोठे निर्णय असेच व्हायचे.

सुनेने दोन मैत्रिणींना हाताशी धरून डबे तयार केले. जुन्या लॅपटॉपांच्या डिस्क काढून, तपासून त्यांत बसवल्या. गिऱ्हाइकं मात्र सहजी मिळेनात. 'म्हणजे आमच्या फायली शेजाऱ्यांच्या घरी?' हे वाक्य तिने इतक्यांदा ऐकलं की झोपेतसुद्धा तिला त्याचं उत्तर देता आलं असतं. शेवटी गावातल्या संग्रहालयाने हो म्हटलं. त्यांच्याकडे शंभरेक वर्षांचे फोटो होते: पुलाचं बांधकाम, पहिली बस, पुरात बुडालेला बाजार, कुणाकुणाच्या आजोबांच्या मिशा. मूळ फोटो तळघरात होते. स्कॅन केलेली एक प्रत डब्यांमध्ये ठेवून बघू, असं संग्रहालयाच्या प्रमुख बाई म्हणाल्या. तीन महिन्यांनी मी स्वतः येईन, मनात येईल तो फोटो मागेन. आला तर पुढचं बोलू.

दरम्यान जुन्या साहेबांचा फोन येऊन गेला होता. तुझी खुर्ची अजून रिकामी आहे, पण फार दिवस ठेवता येणार नाही. सुनेने महिनाअखेरची मुदत मागून घेतली होती आणि ही गोष्ट फक्त नवऱ्याला सांगितली होती.

डबे नीट चालले. सुनेच्या लॅपटॉपवर प्रत्येक घराचा एक ठिपका होता, चालू असला की हिरवा, बंद पडला की राखाडी. चष्मेवाल्यांचा डबा तेवढा नाजूक निघाला. कधी दुपारी, कधी दुकान मिटायच्या सुमाराला तो ठिपका राखाडी व्हायचा.

"बदलूनच टाकते तो," सून म्हणायची.

"नको, नको. वायर सैल होत असेल. मी बघून येते," म्हणून कोचबाई चपला अडकवायच्या. ठिपका पाच मिनिटांत हिरवा व्हायचा. कोचबाई तासाभराने परतायच्या.

सुनेच्या डोक्यात तेव्हा इतकं काही चालू असायचं की त्या तासाचा तिने कधी विचार केला नाही.

* * *

संग्रहालयाच्या बाई यायच्या त्या सकाळी सुनेने बैठकीची खोली आवरली, लॅपटॉप टेबलावर मांडला, शेजारी पाण्याचा पेला ठेवला, तो उचलून दुसरीकडे ठेवला, मग पुन्हा होता तिथे आणला. नवरा शाळेत गेला होता. सासूबाई पुन्हा सुरू झालेल्या तलावावर पोहून येऊन केस पुसत होत्या.

तेवढ्यात कोपऱ्यावर धडाम्‌ असा आवाज झाला. पंखा हळूहळू थांबला. खालच्या मजल्यावर कुणीतरी "गेली!" म्हणून ओरडलं.

सुनेने लॅपटॉपकडे पाहिलं. तो बॅटरीवर होता, म्हणून पडदा उजळलेला होता, आणि त्या उजेडात तिला सगळं स्पष्ट दिसलं. एक ठिपका राखाडी झाला. मग दोन. मग त्यांची इमारत, पलीकडची इमारत, गल्लीतली दुकानं, संगीताच्या बाई, शिलाईवाल्या मावशी, सगळे मिनिटभरात विझत गेले. गावात इतरत्र विखुरलेले थोडे ठिपके तेवढे हिरवे राहिले.

ती खिडकीशी गेली. कोपऱ्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमधून धूर येत होता. खाली माणसं जमली होती. वीज मंडळाची गाडी लवकर आली, पण खांबावर चढलेल्या माणसाने खाली बघून हात हलवला तो 'विसरा' अशा अर्थाने.

"संध्याकाळ होईल, ताई," तो ओरडून म्हणाला.

सून मट्‌कन खुर्चीत बसली.

"काय झालं?" कोचबाईंनी विचारलं. "उरलेल्यांवरून पूर्ण वस्तू उभी राहते ना?"

"थोडे हरवले तर, आई. अर्ध्याहून जास्त गेले की नाही." तिचा आवाज बारीक झाला. "माझीच चूक. ओळखीची घरं म्हणून मी बहुतेक डबे ह्याच गल्लीत दिले. घरं वेगळी होती, पण सगळ्यांची वीज त्या एका खांबावरून. हे माझ्या लक्षात यायला नको होतं? मी तर ह्याच विषयातली!"

"किती कमी पडतायत?"

"आठ-दहा चालू झाले तरी भागेल."

"मग रडतेस काय? आठ-दहा म्हणजे काय फार झाले?"

"चालू कशावर करू? वीजच नाहीये कुठे."

"चष्मेवाल्यांकडे इन्व्हर्टर आहे. डोळे तपासायच्या मशीनसाठी घेतलाय. राउटरही त्यावरच चालतो."

"पण आज त्यांच्या दुकानाला सुट्टी."

कोचबाईंनी कपाटावरची पर्स उघडली, तिच्यातून एक किल्ली काढली आणि ओल्या केसांनीच दाराबाहेर पडल्या. जिन्यातच त्यांनी शिट्टी फुंकली. बंद पंख्यांच्या त्या शांततेत ती शिट्टी चारही मजल्यांवर गेली.

"ज्याच्या-ज्याच्या घरात काळा डबा आहे, त्याने तो काढून खाली आणायचा! वायरीसकट! चष्म्यांच्या दुकानात! चला, चला, पाय उचला!"

सून लॅपटॉप छातीशी धरून त्यांच्यामागे धावली. डोक्यात एकच विचार होता, की बाई यायला आता किती वेळ आहे.

शटर वर गेलं तोवर लोक यायला लागले होते. शिलाईवाल्या मावशी डबा ब्लाऊजच्या कापडात गुंडाळून आल्या. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त बँकवाले डबा ट्रेमध्ये ठेवून आले, जणू चहा घेऊन येतायत. जुळ्यांच्या आईने दोन्ही मुलं काखोटीला मारली होती आणि डबा बाबागाडीत निजवून आणला होता. संगीताच्या बाई डब्यासोबत एक्स्टेन्शन बोर्डही घेऊन आल्या, तेव्हा सुनेला त्यांना मिठी मारावीशी वाटली.

"मागच्या भिंतीला दोन प्लग आहेत," कोचबाई म्हणाल्या. "त्या कपाटाच्या आड. आणि एक आरशाखाली."

एवढ्यात चष्मेवाले स्वतः आले, पायात घरच्या सपाता, चेहऱ्यावर अर्धी दाढी. दुकानात भरलेली गल्ली त्यांनी पाहिली आणि दारातच थांबले. ते आता काय म्हणतील म्हणून सून पुढे झाली.

"अहो," काउंटरखाली वाकलेल्या कोचबाई म्हणाल्या, "मशीनचा प्लग काढा जरा, तिथे बोर्ड लागेल."

"काढतो," चष्मेवाले म्हणाले, आणि गुपचूप आत जाऊन प्लग काढू लागले.

सुनेच्या हातातली वायर हातातच राहिली. आजवर ह्या दुकानात सासूबाईंच्या तोंडून तिने 'अहो चष्मेवाले' असंच ऐकलं होतं. आजचं ते नुसतं 'अहो' होतं, आणि त्याला ओ देणाऱ्याने मान वर करूनही बघितलं नव्हतं. त्यात सवयीचा एक मऊपणा होता. पण तेवढ्यात मावशींनी "हे कुठे खोचू गं?" म्हणून विचारलं, आणि ती वायरीकडे वळली.

एक हिरवा दिवा लागला. मग दुसरा. गॉगलच्या स्टँडखाली, नंबरांच्या तक्त्याखाली, लहान मुलांच्या फ्रेमांमध्ये डबे बसत गेले. लॅपटॉपवरचे ठिपके एकेक करून रंग धरू लागले.

तेवढ्यात इन्व्हर्टर टुंईं-टुंईं ओरडायला लागला.

"झेपत नाहीये त्याला," बँकवाले म्हणाले.

"थांबा," म्हणत चष्मेवाल्यांनी शोकेसचे दिवे बंद केले. इन्व्हर्टर लगेच गप्प झाला. त्यांनी खाली वाकून त्याच्यावरचा आकडा पाहिला, चष्मा कपाळावर सरकवून पुन्हा पाहिला, आणि सुनेला जवळ बोलावलं. "हे बरोबर आहे का? हे सगळे डबे मिळून माझ्या शोकेसच्या दिव्यांएवढीसुद्धा वीज खात नाहीयेत?"

"बरोबर आहे, काका."

"मग मी इतकी वर्षं ह्या फ्रेमांवर उजेड पाडत बसलो तो फुकटच."

"इथे काय चाललंय?"

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. उन्हाची छत्री मिटत एक उंच बाई उभ्या होत्या. संग्रहालयाच्या बाई. लिफ्ट बंद, घराला कुलूप, आणि खालच्या पोरांनी "स्वेटरवाली काकू चष्म्याच्या दुकानात आहे" असं सांगितलेलं.

सुनेने कपाळावरचा घाम पुसला. तोंडावर आलेली एक-दोन गोड कारणं तिने गिळली आणि झालं तसं सांगितलं: ट्रान्सफॉर्मर जळला, डबे एकाच खांबावर होते, ती चूक माझी. ही माणसं आपापल्या घरातले डबे इथे घेऊन आली आहेत. आता पुरेसे झाले आहेत असं वाटतं. तुम्ही मागा.

बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून बाई डोळे तपासायच्या खुर्चीत बसल्या. समोर नंबरांचा तक्ता, भोवती अख्खी गल्ली. त्यांनी फोन काढला, हात लांब केला, अजून लांब केला, डोळे बारीक करून एक क्रमांक टाईप केला.

सुनेने पडद्याकडे बघणंच टाळलं. ती बाईंच्या चेहऱ्याकडे बघत होती. तो चेहरा काही सांगत नव्हता. मग बाईंच्या भुवया वर गेल्या. मग ओठांचा एक कोपरा हलला. मग त्या चक्क हसायला लागल्या.

"बघा!" त्यांनी फोन सगळ्यांकडे फिरवला.

अग्निशमन दलाचा जुना फोटो होता. नवी कोरी गाडी, तिच्यापुढे छाती काढून उभे जवान, आणि त्यांना कुणालाही पत्ता नसताना मागे शिडीच्या अगदी टोकाला जाऊन उभी राहिलेली एक बकरी.

दुकान खदखदून हसलं. जुळ्यांना बकरी पुन्हा पुन्हा बघायची होती. मावशी म्हणाल्या, "म्हणजे हिचा एक पाय माझ्या शिलाई मशीनजवळ होता होय इतके दिवस?" त्यावर बँकवाल्यांनी शेपूट आपल्याकडे असावी असा दावा केला.

हसणं ओसरल्यावर बाई सुनेला म्हणाल्या, "खरं तर आज तुम्ही नापास झाला होतात. कळतंय ना?"

"हो."

"अर्धे डबे गावाच्या दुसऱ्या टोकांना द्या. वेगळे खांब, वेगळी गल्ली. ते झाल्याशिवाय मी सही करणार नाही." त्यांनी मिटलेली छत्री खुर्चीला टेकवली. "आमच्या तळघरात मागे पाणी शिरलं होतं. आम्ही दोघीच होतो पेट्या उचलायला. मदतीला कुणी धावत आलं नाही. कुणाला माहीतच नव्हतं, तिथे आपलं काही आहे म्हणून." त्यांनी पुन्हा भोवताली पाहिलं, बाबागाडीकडे, ट्रेकडे, अर्ध्या दाढीकडे. "डबे हलवा. फोटो तुमच्याकडेच राहू देत. सिनेमाची जुनी रिळंही आहेत, ती पुढे बघू."

त्या उठायला लागल्या तसे चष्मेवाले आडवे आले.

"बसा, बसा. तुम्ही फोन एवढा लांब धरता ते माझ्याच्याने बघवत नाही. बसल्यासारख्या डोळे तपासून घ्या."

"पण मशीन बंद आहे ना?"

"मशीनच्या आधी लोक आंधळे नव्हते. वाचा, वरची ओळ."

बाईंनी निमूटपणे ओळ वाचली. जाताना त्यांनी जवळच्या नंबरचा एक चष्मा टाकायला दिला, फ्रेम संगीताच्या बाईंच्या पसंतीने.

त्याच दुपारी सुनेने साहेबांना फोन लावला. खुर्ची ठेवू नका, म्हणाली. साहेब चांगले होते. "तुझ्या डब्यात माझ्यासाठी जागा आहे का गं? घरचे फोटो ठेवायचेत, इथलं भाडं परवडत नाही," असं म्हणून मोठ्याने हसले. ती त्यांची थट्टा होती की खरं, ते तिला कळलं नाही. तिने त्यांचं नाव लिहून मात्र घेतलं.

* * *

पुढचे दोन आठवडे डबे हलवण्यात गेले. सून आणि तिच्या मैत्रिणी गावभर फिरल्या. दवाखाना, सायकलचं दुकान, नदीपलीकडची वस्ती, तलावाच्या तिकीट खिडकीमागची खोली. चष्मेवाल्यांचा डबाही दुकानातून त्यांच्या घरी गेला. तलावावरची खोली कोचबाईंनी मिळवून दिली. विनंती करून की दम देऊन, ते कुणी विचारलं नाही. बाईंनी नवा चष्मा लावून सही केली.

त्यानंतरच्या एका रविवारी नवरा बाजारात गेला होता. सून जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. सासूबाई समोर बसून वाटाणे सोलत होत्या. वाटाण्यांपेक्षा सालंच जास्त वेळ त्यांच्या हातात राहत होती.

"काय गं," त्या म्हणाल्या, "एका घरात दोन डबे ठेवले तर चालतात का?"

"नाही ठेवत," सून पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "एकाच घरात दोन ठेवले तर ते घर बंद पडलं की दोन्ही तुकडे एकदम जातात. वेगवेगळ्या घरी असले तरच उपयोग."

"हं." एक शेंग सोलून झाली. "म्हणजे एक परत द्यावा लागेल तुला."

"कुणाचा?"

एक वाटाणा टेबलावरून घरंगळला, त्याला सासूबाईंनी तळव्याने अडवलं आणि तळवा तसाच ठेवला. सुनेची बोटं थांबली. तिने मान वर केली. तलावावरच्या पोरांना एका शिट्टीत सरळ करणारी ही बाई, पाण्याच्या काठावर पहिल्यांदा उभं राहिलेल्या मुलासारखी टेबलाच्या लाकडाकडे बघत होती.

सुनेला किल्ली आठवली. आरशाखालचा प्लग आठवला. मग ते 'अहो'. आणि मग एकाएकी ते सगळे तास.

"आई, कधीपासून?" तिने हळूच विचारलं.

"पुढच्या महिन्यापासून एकत्र राहू म्हणतायत ते," सासूबाई म्हणाल्या. "त्यांच्या घराला उजेड चांगला आहे, पण जिना फार वाईट. बघू. अजून ठरत नाहीये, इकडे की तिकडे."

सुनेने लॅपटॉप मिटला. तिच्या डोळ्यांत काहीतरी आलं आणि त्याच वेळी तिला हसूही आवरेना. तिने हात लांब करून अर्ध्या शेंगा आपल्या पुढ्यात ओढल्या. दोघी सोलू लागल्या.

"ह्याला मी सांगू, की तुम्ही?"

"तू सांग. तुझं तो ऐकतो." मग थोड्या वेळाने, "आणि घाबरवू नकोस हं. समजावायला लागू नकोस."

"नाही. नुसतं सांगते."

खाली गल्लीत स्कूटर थांबल्याचा आवाज आला. नवरा जिना चढत होता, हातातल्या पिशव्या कठड्याला आपटत होत्या. सासूबाईंनी वाटाण्यांची वाटी उचलली, खुर्चीच्या पाठीवरचा टॉवेल खांद्यावर टाकला, आणि वाटी ओट्यावर ठेवून, केस नीट करत, तो दारात यायच्या आत दुसऱ्या खोलीत निघून गेल्या.

सून उठली आणि तिने दार उघडलं.

"ये," ती म्हणाली. "पिशव्या ठेव आधी."